तीन पाय पुरतात म्हणे!

"कुत्र्याला काय, तीन पाय पुरतात." हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की आता कोणी "कुत्र्याला काय" एवढं म्हणून श्वास घेतला तरी माझं डोकं सणकतं. डॉक्टर म्हणतात, सरपंच म्हणतात, कुत्र्याचे मालक स्वतः म्हणतात. माझा सख्खा साडूही म्हणाला, आमच्याच ओट्यावर बसून, आमचंच भजं हातात धरून. मी त्याला म्हटलं, "तुले दोन डोळे आहेत ना? पाहाले एक पुरते. दुसरा काढून देऊ काय?" तेव्हापासून तो आमच्याकडे जेवायला येत नाही. बायको अजून त्यावरून टोमणे मारते. मारू दे.

या अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "भाऊ, मुक्या प्राण्यांच्या सेवेचा तुमचा अनुभव लिहा. सणासुदीचा अंक आहे, वाचकांना प्रसन्न वाटलं पाहिजे." बाई, मी सेवा करत नाही. मी पाय करतो. सेवा म्हटलं की माणूस हार घालून मोकळा होतो आणि पाय कसा बसला हे कोणी विचारत नाही. लिहायला सांगितलंय तर लिहितो. प्रसन्न वाटण्याचं तुमचं तुम्ही पाहा.

मी एकतीस वर्षं यवतमाळच्या एका दवाखान्यात प्लास्टरच्या खोलीत काढली. हाड मोडलेला माणूस डॉक्टरांच्या हातून सुटला की आमच्या हातात यायचा. नंतर तिथेच पोलिओच्या पोरांसाठी कॅलिपर आणि पाय गेलेल्यांसाठी नकली पाय करायला शिकलो. शिकवणारा कारागीर मोठा तिरसट होता. साच्यावर सुताएवढा उंचवटा राहिला तर तो साचा जमिनीवर आपटायचा आणि म्हणायचा, "हा उंचवटा आता तुह्या टाचेत भरतो आणि तुले बसस्टँडपर्यंत चालवतो." माझा स्वभाव त्याच्यावर गेला असं लोक म्हणतात. गेला असेल. पण त्याच्या हातचा पाय घालून माणसं वखर हाकायची.

रिटायर होऊन घाटंजीला आलो. घरामागे टिनाचं शेड टाकलं. करमत नव्हतं म्हणून शेजारच्या एका कुत्र्याला पाय करून दिला. त्याला ऑटोनं उडवलं होतं. तो पाय त्यानं तीन दिवसांत चावून खाल्ला. दुसरा केला, तोही खाल्ला. तिसरा त्यानं ठेवून घेतला आणि तोच घालून गल्लीतल्या दुसऱ्या कुत्र्याच्या अंगावर धावला. तिथून गावात माझं नाव 'पायवाले भाऊ' पडलं.

आता हा धंदा काय असतो ते सांगतो, कारण लोकांना वाटतं पायाला काठी बांधली की झालं. कुत्र्याचं जास्त वजन पुढच्या दोन पायांवर असतं. डोकं, छाती, सगळं तिकडेच. मागचा एक पाय गेला तर कुत्रं बराच काळ निभावून नेतं. पुढचा गेला तर उरलेला एक पंजा सगळा भार घेतो. पोरसवदा कुत्रं वर्ष-दोन वर्षं मजेत पळतं, मालक म्हणतो, पाहा, काही फरक पडला नाही. मग त्या एका पायाचं मनगट बसतं, खांदा उतरतो, पाठ वाकडी होते. घरी बसून पोळी खाणाऱ्या कुत्र्याचं तेवढ्यावर भागतं. काम करणाऱ्याचं भागत नाही. खाटेचा एक पाय काढा आणि रोज तिच्यावर झोपून पाहा, मग मला सांगा तीन पुरतात का ते.

नकली पाय बसवायचा तर धरायला काहीतरी शिल्लक लागतं. पुढच्या पायात कोपर पाहिजे आणि कोपराखाली किमान चार बोटं. तेवढं असलं की मी त्यावर मोजा चढवून प्लास्टरची ओली पट्टी गुंडाळतो, सुकली की कापून काढतो, त्या पोकळीत प्लास्टर ओतून उरलेल्या पायाची हुबेहूब प्रतिमा करतो. मग कानस. जिथं हाड टोचतं तिथं जागा सोडायची, जिथं मांस आहे तिथं दाबायचं. सगळी अक्कल तिथं लागते. मग स्प्रिंकलरच्या काळ्या पाइपाचा तुकडा भट्टीत मऊ करून त्यावर ओढायचा, आत चपलेचं मऊ रबर लावायचं, पट्ट्या छातीवरून घ्यायच्या. खाली टाचेला मी आधी टायरचा तुकडा लावायचो. राजूरच्या खाणीतला एक कामगार त्याचं कुत्रं घेऊन आला. माझं काम घटकाभर पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, टायर कायले लावता? फरशीवर घसरते ते." पुढच्या खेपेला कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याचं जुनं रबर घेऊन आला. आजवर त्याच्याइतकी कामाची गोष्ट मला एकाही शिकलेल्या माणसानं सांगितली नाही.

शिकलेले काय सांगतात? पुसदचे एक साहेब लॅब्राडोर घेऊन आले. कुत्रं कसलं, पोतं होतं. लंगडत होतं ते वजनानं. मी म्हटलं, "साहेब, याचं खाणं अर्धं करा, पाय आपोआप चालते." साहेब म्हणाले, "ते सोडा, तुम्ही त्याच रंगाचा केसाळ पाय करून देता का? फोटोत चांगलं दिसत नाही." मी त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. एका गावात कोणी दानशूरांनी कुत्र्यांसाठी चाकांच्या गाड्या वाटल्या. मागचे पाय लुळे असतात त्यांच्यासाठी असते ती गाडी. यांनी ती पुढचा पाय गेलेल्या कुत्रीच्या मागे जुंपली. बिचारी छातीवर आपटली आणि पाठीमागून गाडी तिच्या डोक्यावर. टाळ्या वाजल्या म्हणे. मी तिथं नव्हतो हे त्यांचं नशीब.

असं सगळं चालतंच. पण हे सगळं सांगत मी लालीपर्यंत यायचं टाळतोय, हे मलाही कळतंय.

लाली म्हणजे पार्वताबाईची कुत्री. पार्वताबाई घाटंजीपासून अठरा किलोमीटरवर, जंगलाला लागून असलेल्या गावात राहते. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. घरोघरच्या बकऱ्या गोळा करून जंगलाच्या कडेनं चारायला न्यायची, हे तिचं काम. त्या भागात वाघ आहे, लांडगे आहेत. लाली कळपाच्या बाजूनं चालायची आणि वास आला की असं भुंकायची की बकऱ्या आपोआप गोळा व्हायच्या. गावानं पार्वताबाईला बकऱ्या दिल्या होत्या त्या लालीकडं पाहून. हे गाव उघड बोलून दाखवायचं आणि पार्वताबाईलाही ते कबूल होतं.

एका वावराच्या धुऱ्यावर, बांधालगत, लालीचा पुढचा डावा पाय फाशात अडकला. मोटरसायकलच्या क्लचची वायर असते, तिचा फास. रानडुक्कर पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, शिरू नये म्हणून लावतात. कुत्रं जितकं ओढेल तितका आवळतो. पार्वताबाईनं तिला शोधून काढेपर्यंत सकाळची दुपार झाली होती. पंजा काळा पडला होता.

त्या वावराचा मालक मोठा माणूस, गावात सगळे त्याला बापूसाहेब म्हणतात. मी त्याच्या घरी गेलो. म्हटलं, "बापूसाहेब, असा फास लावणं गुन्हा आहे." तो खुर्चीतून न उठता म्हणाला, "डुकरासाठी लावला होता भाऊ. कुत्रीले वाचता येत असतं तर पाटी लावली असती." आणि बाजूला बसलेले चौघं हसले. मी तिथं काय काय बोललो ते या अंकात छापता येणार नाही. वनखात्याकडंही गेलो. साक्षीदार आणा म्हणाले. गावातला एक माणूस साक्षीला आला नाही. वाघ अडकला तर पेपरात येतं, कुत्रं अडकलं तर माझ्याकडं येतं, एवढाच फरक.

पण तो पुढचा भाग. त्या दिवशी लालीला काळी-पिवळी जीपच्या टपावर टोपल्यात बांधून पार्वताबाई आधी जनावरांच्या दवाखान्यात आली आणि तिथून मला बोलावणं आलं. डॉक्टर भला माणूस. अख्ख्या तालुक्याची जनावरं त्याच्या एकट्याच्या अंगावर. त्यानं पाय पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, खांद्यापासून काढतो. थोटूक ठेवलं तर ते जमिनीवर घासतं, जखम होते, किडे पडतात, आणि लोक पुन्हा माझ्याकडं येतात. तसंही कुत्र्याला—"

"पुढं बोलू नका," मी म्हटलं.

"मी काय बोलणार आहे ते तुम्हाला कसं माहीत?"

"माहीत आहे. कोपर ठेवा. कोपर आणि खाली चार बोटं. बाकीचं माझ्यावर सोडा."

अर्धा तास आम्ही भांडलो. तिथं गाई बांधलेल्या, लोक उभे, मधे लाली कण्हतेय. मी त्याला पायाचं चित्र काढून दाखवलं, भिंतीवर, खडूनं. हाड कुठं कापायचं, मांस किती ठेवायचं, शिवण पुढं का नको, वर का पाहिजे. शेवटी तो हात धुवायला वळला आणि म्हणाला, "जबाबदारी तुमची?"

"माझी," मी म्हटलं. छाती ठोकून म्हटलं.

त्यानं सुरेख काम केलं. टाके निघाले, जखम भरली, आणि मी साचा घेतला. लालीसारखी कुत्री मी पाहिली नाही. ओली पट्टी गुंडाळताना अंगाखांद्यावरून माशा फिरत होत्या, तरी हलली नाही. पार्वताबाई तिच्या कानात काही बोलत राहिली. मी विचारलं, काय सांगते? म्हणाली, "सांगून राह्यली, हे भाऊ बोलते कडू, पन हात गोड आहे याचा." मला हसू आलं. मी सहसा हसत नाही काम करताना.

घाई होती. गावानं तिला सांगून ठेवलं होतं की कुत्री कामाची झाली तर ठीक, नाही तर बकऱ्या दुसऱ्याला देऊ. तोवर गावातली माणसं पाळीपाळीनं तिच्याबरोबर जात होती आणि रोज कुरकुरत होती. तेव्हा तो पाय नुसता पाय नव्हता. तो बसला तर पार्वताबाईचं सगळं बसलं, एवढं मला स्वच्छ माहीत होतं.

पाय बसवायला ती बाजाराच्या दिवशी आली. त्या बाजूची माणसं घाटंजीला येतात ती बाजारालाच. लालीला पाय चढवला. पहिल्यांदा ती तो उचलून झटकत राहिली, मग टेकवला, मग माझ्या शेडमधून अंगणात, अंगणातून फाटकापर्यंत चार पायांवर गेली. पार्वताबाई मटकन खाली बसली आणि तोंडावर पदर धरला.

आणि नेमका त्याच वेळी तो व्हिडिओवाला टपकला. नागपूरकडून आला होता, कुठून ऐकलं कोण जाणे. टोपी उलटी, हातात काठीला लावलेला मोबाइल. "काका, वन्स मोअर! तिला परत चालवा. मावशी, तुम्ही परत रडा." मी एकदा सोडून दिलं. त्यानं लालीला फाटकातून परत आणायला लावलं. मग पुन्हा. मग म्हणाला, उन्हात चांगलं येईल, रस्त्यावर नेऊ. पहिल्या दिवशी पाय पाऊण तासाच्या वर घालायचा नसतो! कातडीला सवय नसते. मी त्याच्या हातातली काठी हिसकली. तो म्हणाला, काका, तुम्हाला फेमस करतोय. मी म्हटलं, "अबे, फेमस तुह्या घरी कर!" आणि तिथून जे भांडण पेटलं ते कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत गेलं. बाजार गोळा झाला. मला मजा येत होती, हे खरं सांगतो. मी बरोबर होतो आणि सगळे ऐकत होते, असा योग रोज येत नाही.

मी परत आलो तेव्हा काळी-पिवळीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. पार्वताबाई टोपलं डोक्यावर घेऊन उभी, लाली बगलेत. मी घाईघाईनं सांगितलं. रोज थोडा थोडा वेळ वाढवायचा. झोपताना काढायचा. मोजा धुवायचा. "मधात तू काही करू नको. पुढच्या बाजाराले आण, मी पाहतो."

"पुढच्या बाजाराले," ती म्हणाली. डोकं हलवलं. गाडी गेली.

ही आठ दिवसांची तपासणी का असते ते सांगतो. पाय वापरात आला की आतलं थोटूक आठवड्यात बारीक होतं, सुकतं. मग बसवलेला पाय ढिला होतो, आत हलतो, हलला की घासतो. आठव्या दिवशी आत एक थर रबर वाढवला की काम झालं. दहा मिनिटांचं काम.

बाजार आला. मी सकाळपासून रबर कापून ठेवलं. दुपार झाली, संध्याकाळ झाली, पार्वताबाईचा पत्ता नाही. मी चिडलो. असे लोक पाहून पाहून माझे केस पिकले. पाय मिळेपर्यंत उंबरा झिजवतात, मिळाला की तोंड दाखवत नाहीत. बायको म्हणाली, "स्कूटर आहे ना घरात? जाऊन या एकदा. काही अडचन असन." मी म्हटलं, "गरज तिले आहे का मले? मी कायले जाऊ?" आणि नाही गेलो. सात दिवस राग धरून बसलो. त्या सात दिवसांत जो कोणी शेडमध्ये आला त्याला मी पार्वताबाईची गोष्ट सांगितली, लोक कसे बेपर्वा असतात ते पटवायला.

त्याच्या पुढच्या बाजाराला ती आली. फाटकातच मी तोंड सोडलं. "आज उगवली काय? आठ दिवस झाले, मी येथं वाट पाहून राह्यलो! काम झालं, आता भाऊची काय गरज! तुमच्यासाठी मरमर करा आणि तुमी..." रस्त्यावर भाजीवाल्या बाया बसल्या होत्या, त्यांनी माना वळवल्या. पार्वताबाई टोपलं छातीशी धरून ऐकत राहिली. मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "तुमीच म्हनलं होतं ना जी. पुढच्या बाजाराले."

"मग? पुढचा बाजार गेला ना!"

"तो नाई जी. तो येता बाजार होता. आज हाये पुढचा."

मी भाजीवालीकडं पाहिलं. का पाहिलं कोण जाणे, बहुतेक ती हसेल म्हणून. ती हसली नाही. म्हणाली, "बराबर बोलून राह्यली ते. पहिला येता, त्याच्यानंतरचा पुढचा. आमी बी तसंच म्हनतो."

एकतीस वर्षं यवतमाळला राहून मी हे विसरलो होतो. माझी आई याच तालुक्यातली. तीही असंच म्हणायची. येता बाजार, मग पुढचा बाजार. दवाखान्यात आम्ही 'पुढच्या आठवड्यात' म्हणायचो आणि चिठ्ठीवर तारीख लिहायचो. इथं ना चिठ्ठी, ना तारीख. तोंडानं एक शब्द फेकला, तोही चुकीचा.

लालीचा पाय काढला. वास आधीच आला होता. कोपरावर हाड दिसत होतं.

"तुले हे दिसलं नाही?" माझा आवाज आता खाली आला होता.

"दिसलं जी. वास बी येऊन राह्यला होता. निमाच्या पाल्याच्या पान्यानं रोज धुतलं. ढिला झाला म्हनून पट्टा आवयून बांधला. तुमी म्हनलं होतं मधात काही करू नको, तुमी पाह्यता म्हनून. आन गाव पाहून राह्यलं होतं ना. पाय नसता घातला तर म्हनले असते, कुत्री बसली."

सगळं तिनं केलं होतं. एकूण एक, मी सांगितलेलं सगळं. बेपर्वा माणूस असता तर चौथ्या दिवशी तो पाय फेकून दिला असता आणि कोपर वाचलं असतं.

डॉक्टरकडं मी स्वतः घेऊन गेलो. तो मला चार शब्द सुनावेल, मी ऐकून घेईन, असं ठरवून गेलो होतो. त्यानं जखम पाहिली, माझ्याकडं पाहिलं आणि टेबल पुसायला सांगितलं. खांद्यापासून पाय काढला. खांद्यापासून पाय गेलेल्या कुत्रीला मी काही करू शकत नाही. धरायला काही उरत नाही.

मला स्वतःचा इतका राग आला की दोन दिवस मी शेड उघडलं नाही. पण राग आला की माणूस जे करतो तेच मी पुन्हा केलं, भांडायला गेलो. महिन्याभरानं कळलं की गावानं बकऱ्या पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीतल्या, एका माणसाला दिल्या, त्याच्याकडं दोन कुत्री आहेत. मी सकाळीच स्कूटर काढली. तेव्हा बरी निघाली स्कूटर. गावात पारावर पाच-सात जण बसले होते. मी म्हटलं, "पार्वताबाईची यात काही चूक नाही. चूक माझी आहे, सगळी. तिच्या पोटावर कायले पाय देता?" एका म्हाताऱ्यानं मला बसायला जागा करून दिली. म्हणाला, "चूक तुमची असन भाऊ, आमी कुठं नाई म्हनतो? पन वाघ काही चूक कोनाची हे विचारून येत नाई ना." कोणी हसलं नाही, कोणी ओरडलं नाही. भांडायला समोर माणूसच नव्हता.

मग पार्वताबाईच्या घरी गेलो. एक खोली, पुढं तट्ट्याचा आडोसा. ती कामाला निघण्याच्या बेतात होती, दुसऱ्याच्या पऱ्हाटीत निंदायला. लाली दारात पडली होती. मला पाहून शेपूट हलवली. कुत्र्यांना राग धरता येत नाही, याचा मला त्या दिवशी फार त्रास झाला.

मी म्हटलं, "बाई, माझं चुकलं." पारावर काय बोललो ते सांगितलं. बापूसाहेबाला मी पुन्हा जाऊन धरतो म्हटलं, वनखात्याच्या वरच्या साहेबाकडं अर्ज करतो म्हटलं, त्या व्हिडिओवाल्यालाही मी सोडणार नाही म्हटलं. माझा आवाज चढत चालला होता. तिनं भाकरीचं फडकं बांधता बांधता माझ्याकडं पाहिलं.

"भाऊ, तुमी त्या डाक्टरसंगं माह्या लालीसाठी अर्धा घंटा भांडले. मी उभी होती तेथं. मले वाटलं, देव माणूस आहे. बापूसाहेबासंगं भांडले. त्या मोबाइलवाल्यासंगं टपरीपर्यंत भांडत गेले." गाठ तिनं दातानं आवळली. "माह्यासंगं दोन मिनिटं बोलले. गाडीचा हारन वाजून राह्यला होता तेव्हा."

मी लालीच्या खांद्यावरचा व्रण पाहायला खाली वाकलो.

तेवढ्यात रस्त्यानं बकऱ्यांच्या घंट्या वाजल्या. पोडावरचा माणूस कळप घेऊन निघाला होता. लाली ताडकन उठली. पार्वताबाईनं फडकं तिथंच खाली ठेवलं.

"पाहा आता तुमी," ती म्हणाली. "मी नाई पाह्यत." आणि आत जाऊन तिनं दार लोटून घेतलं.

लाली तीन पायांनी उड्या मारत रस्त्यावर गेली. बकऱ्या तिला ओळखत होत्या, बुजल्या नाहीत. ती कळपाच्या डाव्या बाजूला आली आणि चालू लागली. पुढं नाल्याचा उतार आहे. उतारावर सगळा भार पुढं येतो, आणि पुढं एकच पाय. ती तोंडावर पडली. उठली, चार पावलं गेली, पुन्हा पडली. त्या माणसाची दोन कुत्री मागं वळून तिच्यावर गुरगुरली. माणूस वाईट नव्हता, त्यानं त्यांना हाकललं, तिलाही "हट, घरी जा माय," असं म्हणाला. लाली उताराच्या तोंडाशी उभी राहिली. भुंकली नाही. कळप खाली उतरला, नाला ओलांडून पलीकडच्या झुडपांत शिरला.

दाराआडून पार्वताबाईचा आवाज आला. "गेल्या काय जी बकऱ्या?"

मी म्हटलं, "गेल्या."

मग ती बाहेर आली.